मोठीचा घसा

गाण्याच्या स्पर्धेतून बाद होताना ती रडली आणि त्या रडण्यावर तिचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. त्या दिवशी तिने कोणतं गाणं म्हटलं होतं, हे परीक्षकांना विचारलंत तर ते एकमेकांकडे बघतील. रडणं मात्र वाहिनीने पुढे कितीतरी दिवस जाहिरातीत वापरलं. नाक लाल होऊ न देता, ओठ वेडेवाकडे न करता, डोळे काठोकाठ भरून नेमका एकच थेंब गालावर सोडायचा, हे सगळ्यांना जमत नाही. अशी बाई हाताशी असताना तिला गायला लावणं म्हणजे उधळपट्टी, असं वाहिनीच्या लोकांचं मत पडलं.

तिला मालिकेत मोठ्या सुनेचं काम मिळालं. मालिकेचं नाव कोणतंही घ्या, चालेल. एक मोठं घर होतं, दोन सुना होत्या आणि त्या घरातल्या कुणालाही कधी कामावर जायची घाई नव्हती. माणसं जिन्यावर उभी राहून एकमेकांचं बोलणं चोरून ऐकायची, हा घरातला मुख्य व्यवसाय. धाकटी सून बोलायची, मोठी ऐकायची. वर्षभरात सेटवर, बाजारात आणि शेवटी घरीही तिला सगळे 'मोठी' म्हणायला लागले. नवरासुद्धा. तिचं खरं नाव फक्त बँकेत उरलं.

तिला मात्र गायचं होतं. मुलाखतीत ती न चुकता सांगायची, "अभिनय हा माझा व्यवसाय आहे, पण गाणं हा माझा श्वास." श्वास चालू आहे की नाही, हे तपासायला कुणी गेलं नव्हतं. ती बरी गायची. लग्नाच्या जेवणावळीत एखादीला आग्रह करावा आणि तिने म्हटल्यावर आपण आग्रह केला याचं फारसं वाईट वाटू नये, इतकी बरी. मालिकेच्या शीर्षकगीतात तिचे ओठ हलायचे आणि आवाज एका धंदेवाईक गायिकेचा यायचा. ही गोष्ट तिला बुटातल्या खड्यासारखी टोचायची. आपल्या तोंडातून आपलाच आवाज यावा, एवढंच तिचं म्हणणं होतं. माणसाच्या बाबतीत ही अपेक्षा अवाजवी नाही. टीव्हीवरच्या माणसाच्या बाबतीत जरा आहे.

आता लुकांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

रोज चालणाऱ्या मालिकेत बोलणाऱ्यापेक्षा बघणारे जास्त लागतात. धाकटी म्हणते, "मला दिवस गेलेत." लगेच सासूचा चेहरा, सासऱ्याचा चेहरा, मोठीचा चेहरा, पुन्हा मोठीचा चेहरा अधिक जवळून. या चेहऱ्यांना लुक म्हणतात. दर वेळी सगळ्यांना बोलावून त्यांचे चेहरे घेत बसायला वेळ नसतो. म्हणून एखाद्या मोकळ्या दिवशी नटीला भिंतीसमोर उभी करून सगळे लुक एकदम घेऊन ठेवतात. घरात साबण आणून ठेवतात तसे. लागेल तसा एक काढायचा.

मोठीचा लुकांचा दिवस सेटवर गाजला होता. दिग्दर्शक खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता आणि ओरडत होता.

"धक्का! छान. आता मोठा धक्का. आता नवरा गेल्याचा धक्का. नाही नाही, एवढा नको, तो परत येणारेय. थोडा राखून. हां. आता संशय. धाकटीवर. आता स्वतःवर. आता माया."

"कुणावर?" मोठीने विचारलं.

"कुणावरही. मायेला कोण विचारतंय?"

इतर नट्या जेवणाच्या सुट्टीनंतर कुरकुर करू लागतात. मोठी करत नव्हती. तिने मायेचे तीन प्रकार दिले, ओली, कोरडी आणि धाकटीला उद्देशून. मागितले नव्हते तेही दिले. क्षमा दिली, पश्चात्ताप दिला, दारात कुणीतरी उभं आहे असा भास दिला. दिग्दर्शक शेवटी म्हणाला, "बाई, पुरे, एवढं तर माणूस जन्मात बघत नाही." हे तिने कौतुक म्हणून घेतलं.

लुकांच्या दिवशी अंगावर होता तो राखाडी रंगही तिनेच मागून घेतलेला. कथेत मोठीचा नवरा समुद्रावर बेपत्ता झाला तेव्हा लेखकाने तिला रंगीबेरंगी कपड्यांत दुःख करायला लावलं होतं. मोठी म्हणाली, "तो परत येईपर्यंत ही बाई राखाडीच घालेल. तिची प्रतिज्ञाच आहे तशी." भूमिकेत खोली येईल, असं ती म्हणाली. राखाडीत ती बारीक दिसते, हे ती म्हणाली नाही. निर्मात्याला कल्पना फार आवडली. संकलकाला तर इतकी आवडली की तो आपल्या अंधाऱ्या खोलीतून बिस्किटाचा पुडा हातात घेऊन बाहेर आला आणि तिच्याशी हात मिळवून गेला. त्याला सगळे कात्री म्हणायचे. बाई रोज त्याच कपड्यांत, त्याच भिंतीसमोर, तशाच केसांत. आता तिचा कुठलाही लुक कुठेही बसणार होता. मोठीला वाटलं, आपल्यातल्या कलावंताला दाद मिळाली.

निर्मात्याला सगळे काका म्हणायचे. तो मोठीपेक्षा वयाने लहान होता, पण माणूस निर्माता झाला की आपोआप कुणाचा तरी काका होतो. उलट तो सगळ्यांना बाळा म्हणायचा. मोठी त्याच्याकडे शीर्षकगीताचं बोलायला गेली की तो मोबाइल उलटा ठेवायचा, म्हणजे आता आपण फार लक्ष देऊन ऐकतो आहोत असं समोरच्याला वाटतं.

"बाळा, तुझ्या आवाजात दर्द आहे."

"मग घ्या ना मला."

"दर्द आहे म्हणूनच नको. शीर्षकगीत लोक जेवता जेवता ऐकतात."

असं दीडेक वर्ष चाललं. मग मोठीच्या खऱ्या नवऱ्याने सूत्रं हातात घेतली. हा नवरा आधी कुठल्याशा कचेरीत नोकरी करायचा. बायको नावारूपाला आल्यावर त्याने ती सोडली आणि आता तो तिचं 'सगळं बघायचा'. म्हणजे नेमकं काय बघायचा, हे विचारलं की तो "सगळंच" म्हणायचा आणि फोन कानाला लावायचा.

"उद्यापासून जायचं नाही," तो म्हणाला. "घरी बस. चार दिवसांत काका पाय धरत येईल. तुझ्याशिवाय चालणारेय का त्यांचं?"

"कारण काय सांगू?"

"सांग, घसा बसलाय."

नवऱ्याच्या डोक्यातून आयुष्यात निघालेली ही एकमेव मौलिक कल्पना. गाण्यासाठी भांडायला निघालेल्या बाईने पहिल्याच चालीत घसा गेल्याचं जाहीर करायचं! त्यातली गंमत दोघांपैकी एकाच्याही लक्षात आली नाही. मोठीने फोन लावला, आणि घोगरा आवाज काढण्यात आपण किती वाकबगार आहोत याचा तिला आनंदही झाला.

"घसा?" काका म्हणाला. "अरेरे. अजिबात बोलता येत नाहीये?"

"अजि...बात."

"बोलूच नकोस, बाळा. एक शब्द बोलू नकोस. जपायचं."

फोन ठेवून काका कात्रीच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशीच्या भागात, नवऱ्याच्या बोटीचं एक फळकूट सापडल्याची बातमी ऐकून मोठ्या सुनेची वाचा गेली.

आता घरातलं एक माणूस राहिलं, ते म्हणजे मोठीची खरी सासू. ही बाई मालिका पहिल्या भागापासून बघत होती आणि तिच्या हिशेबी दोन सुना होत्या: एक टीव्हीतली, जी समजूतदार होती, आणि एक घरातली, जिच्याबद्दल न बोललेलं बरं. एरवी मालिकेच्या वेळी खरी सून सेटवर असायची, म्हणून तुलना तोंडी राहायची. आता ती सासूशेजारी सोफ्यावर येऊन बसली. काका आपल्यावाचून कसा तडफडतो, ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

पडद्यावर धाकटी तावातावाने बोलत होती. मग मोठीचा चेहरा आला. मोठा धक्का. मग पुन्हा धाकटी. मग मोठीची ओली माया.

"हे मी आज केलेलं नाही," मोठी म्हणाली. "हे जुनं आहे."

"शू," सासू म्हणाली. "बघ, कशी ऐकून घेते. एक शब्द उलट बोलत नाही."

"आई, तिची वाचा गेलीये."

"गेली नसती तरी बोलली नसती ती. स्वभाव असतो एकेकीचा."

चार दिवसांत काका आला नाही. आठवडा गेला, आला नाही. पडद्यावरची मोठी मात्र रोज हजर होती. धाकटीला मुलगा झाला, तिने माया दिली. सासऱ्याला अटक झाली, तिने धक्का दिला. एकदा कात्रीने घाई केली असावी. सासरे जामिनावर सुटले तेव्हा तिने पश्चात्ताप दिला. त्यावर एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत लेख आला की, या एका नजरेत स्त्रीच्या दडपलेल्या अपराधभावाचा पट उलगडतो. लेखाचं शीर्षक होतं 'मौनाची भाषा'. लिहिणारे गृहस्थ प्राध्यापक होते. प्रेक्षक वाढले. ज्या बायका मालिका सोडून गेल्या होत्या त्या मुकीला बघायला परत आल्या.

"बघ!" नवरा लेख नाचवत म्हणाला. "गेली का कुठे तुझी जागा? तू नसतानाही तूच आहेस."

"मी नसताना मी आहे म्हणून तर ते मला बोलवत नाहीयेत ना!"

"तू निगेटिव्ह फार विचार करतेस."

ती स्वतःच सेटवर गेली. दारावरच्या माणसाने ओळखीचं हसून आत सोडलं. मेकअपच्या खोलीत तिच्या आरशासमोर धाकटी बसली होती.

"अय्या, मोठी! घसा कसाय?"

"सुटला."

"कुणाला सांगू नकोस हं," धाकटी प्रेमाने म्हणाली. "इतकं छान चाललंय. मला समोर कुणी नसलं की संवाद म्हणायला किती मोकळं वाटतं. तू असलीस की तू मधेच श्वास घेतेस."

काका तिला बघून उठून उभा राहिला. तेवढी माणुसकी त्याच्यात होती. किंवा तो जेवायला निघाला होता.

"काका, मी बरी आहे. उद्यापासून येते. माझे संवाद लिहायला सांगा."

"बाळा," काका म्हणाला, "तू बोललीस तर लोक मला जाळतील. अख्खं घर बोलतंय, एक तू गप्प आहेस. लोक तुझ्यासाठी बघतात. वाहिनीने तुला यंदाचं बक्षीस ठरवलंय, सर्वोत्कृष्ट अभिनेत्री."

"कशासाठी?"

"गेल्या दोन महिन्यांच्या कामासाठी."

गेले दोन महिने ती सोफ्यावर बसून सासूच्या शेजारी शेंगदाणे खात होती. पण बक्षीस म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला, तो कात्रीच्या संग्रहात नव्हता, आणि कात्री त्या वेळी तिथे नव्हता ही त्याची हुकलेली संधी. राग वितळला, लाज आली आणि लाज यायच्या आतच हावरटपणा पुढे झाला.

"घेईन," ती म्हणाली. "पण एका अटीवर. मालिकेत माझ्या आवाजात एक गाणं. अख्खं."

काकाने मोबाइल उलटा ठेवला. "दिलं," तो म्हणाला.

इतक्या चटकन मिळालेल्या गोष्टीला उलटून बघायची पद्धत असते. मोठीने बघितलं नाही. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "बाकीचं तू बघून घे." तो म्हणाला, "बघतो सगळं."

समारंभात वाहिनीच्या बाईने तिला पडद्यामागे गाठलं. "मॅडम, वर गेल्यावर बोलू नका हं प्लीज. लोकांचा विश्वास तुटतो. फक्त घ्या, आणि एक लुक द्या." मोठीने आभाराचं भाषण पाठ केलं होतं. त्यात गुरू होते, आईवडील होते, श्वास होता. ते सगळं गिळून ती वर गेली, बक्षीस छातीशी धरलं आणि एकच थेंब सोडला. सभागृह उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी सासू म्हणाली, "बरं झालं बाई, बोलली नाहीस. माझी मान खाली गेली नाही."

गाण्याचं रेकॉर्डिंग मात्र झालं. अगदी खरंखुरं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसला होता, कानाला हेडफोन होते, समोर कागदावर शब्द होते. शब्द सुमार होते. 'सावली' आणि 'माउली' यांची सांगड घालून कवीने आपला दिवस भागवला होता. पण मोठी त्या दिवशी चांगली गायली. हे मान्य करणं जिवावर येतं, पण गायली. दोन महिने कुणी बोलू दिलं नव्हतं, त्याचं काहीतरी आवाजात उतरलं असेल. दुसऱ्या कडव्यात तिने एक सूर असा लावला की रेकॉर्डिस्टने मोबाइलवरून मान वर केली, आणि गाणं संपेपर्यंत परत खाली घातली नाही. त्या धंद्यात याहून मोठी दाद नसते. मोठी बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कुठलाच लुक नव्हता.

"शूटिंग कधी?" तिने काकाला फोनवर विचारलं.

"कळवतो, बाळा. तू आराम कर."

कळवलं नाही. मोठीला वाटलं, मोठं गाणं आहे, वेळ लागणारच. ती घरी आरशासमोर ओठ हलवण्याचा सराव करत बसली. आपल्याच आवाजावर आपलेच ओठ हलवायचे, याचा सराव करावा लागतो असं तिला वाटलं, यातच त्या धंद्याने तिचं काय केलं होतं ते येतं.

मग एक दिवस जाहिरात सुरू झाली: आज तासाभराचा महाभाग, मोठीच्या आयुष्यातलं पहिलं गाणं. मोठीने शेजारणींना फोन केले, मैत्रिणींना केले, ज्यांच्याशी बोलणं सोडलं होतं त्यांनाही मुद्दाम केले. "माझा आवाज आहे," ती प्रत्येकीला म्हणाली. "शूटिंग अजून नाही झालं, पण माझे आधीचे काही शॉट्स वापरत असतील. नीट ऐका." सासू मधोमध बसली, एका बाजूला नवरा, एका बाजूला मोठी.

पडद्यावर घरातले सगळे दिवाणखान्यात जमले. धाकटी तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन मधोमध बसली. वाद्यं सुरू झाली. मोठी सोफ्याच्या कडेला सरकली.

धाकटीने तोंड उघडलं, आणि त्यातून मोठीचा आवाज आला.

मोठीला क्षणभर कळलंच नाही. मग पडद्यावर तिचा स्वतःचा चेहरा आला, राखाडी कपड्यांत, भिंतीसमोर. कोरडी माया. धाकटी गात होती. ती ऐकत होती.

"हे काय आहे?" ती नवऱ्याकडे वळली. "हे काय आहे रे?"

"अगं, काकांनी विचारलं होतं मला," नवरा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. "मी हो म्हटलं. तू म्हणालीस ना, बघून घे."

"माझ्या तोंडी का नाही गाणं?"

"तू मुकी आहेस ना. मुकी बाई गाईल कशी? लोक हसतील. काका म्हणाला, थोडं तरी लॉजिक पाहिजे." ज्या मालिकेत मोठीचा सासरा दोनदा मरून तिसऱ्यांदा जामिनावर सुटला होता, तिच्या निर्मात्याला लॉजिकची पहिली आठवण अशी ऐन वेळी झाली होती. "आणि खालून नावं सरकतात त्या पट्टीत नाव येणारेय तुझं. शेवटी. मी ठासून सांगितलंय."

दुसरं कडवं सुरू झालं. तो सूर आला. धाकटीने त्यावर डोळे मिटले, आणि हसायला नको तिथे हसली. तेवढ्यात चेहरा बदलला: मोठी, ओली माया, एक थेंब. सासूने पदराने डोळे टिपले.

"काय गोड गळा आहे गं धाकटीचा," ती म्हणाली. "वाटलं नव्हतं."

"आई, तो माझा आवाज आहे."

सासूने मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग टीव्हीकडे बघितलं.

"काहीतरीच काय? तू तर तिथे गप्प बसलीयेस."

"आई, मी गायलेय ते! मी! विचारा याला!"

नवऱ्याने फोन कानाला लावला. फोन वाजला नव्हता.

मोठी उठून उभी राहिली, टीव्हीच्या शेजारी गेली, आणि पडद्यातल्या आवाजाच्या सुरात सूर मिळवून गाऊ लागली. तेच कडवं, तीच जागा. सूर जरासुद्धा हलला नाही. एकच आवाज दोनदा यावा, तसं खोलीत झालं. तिने हात पुढे केला, सासूच्या डोळ्यांत बघितलं आणि तो सूर धरून ठेवला, जितका धरता येईल तितका.

"अगं, बाजूला हो," सासू मान वाकडी करून तिच्यामागे बघत म्हणाली. "गाणं ऐकू दे जरा."